चाळणीखालचा कोंडा

समीना होडेकरने डबा उघडून भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि छतावरच्या टिटव्या उडाल्या. कुणी त्यांना उडवलं नव्हतं. रत्नागिरीच्या शोधकेंद्रात आता कुणी कुणाला उडवत नसे. समुद्रावरच्या एखाद्या बोटीने 'हाक' मारली, की ती उपग्रहावरून केंद्रात यायची, यंत्र ती वाचायचं, आणि माणसाचा घास तोंडात जाईपर्यंत चिमुकल्या ड्रोनांचा थवा दर्याकडे निघालेला असायचा. उठताना टिटवीसारखा ओरडतो म्हणून लोकांनीच ते नाव पाडलं होतं. सरकारी नाव भलं लांबलचक होतं, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

समीनाने घास चावता चावता पडद्याकडे पाहिलं. आलेल्या हाका वाचायच्या, यंत्राने काही वेडावाकडा अर्थ लावला नाही ना ते बघायचं, हे तिचं काम. दहातल्या नऊ वेळा बघण्यासारखं काही नसायचं.

पडद्यावर लिहिलं होतं: अलमास, हर्णै. इंजिन बंद. पाणी शिरतंय. जागा २१ ४८.

तिने भाकरी खाली ठेवली. अलमास तिच्या बापाची बोट होती.

हाकेची पेटी तळहाताएवढी असते. तिच्यावर चित्रांची बटणं असतात, इंजिनाचं, पाण्याचं, आगीचं, आजारी माणसाचं. खाली जागा लिहायला एक ओळ असते. खरं तर ती ओळ कुणाला लागायलाच नको, कारण पेटीशेजारी 'ठावका' नावाचं दुसरं यंत्र बसवलेलं असतं आणि ते बोट कुठे आहे हे सारखं कळवत राहतं. पण कोकणातल्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या मुख्य खलाशाला, आपण कुठे आहोत हे जगाला कळणं मान्य आहे का? मासा जिथे लागतो ती जागा तो सख्ख्या भावाला सांगत नाही, मग सरकारला काय सांगणार. बंदर सुटलं की ठावक्यावर ॲल्युमिनियमचा टोप पालथा पडलाच म्हणून समजा. सरकारने यंत्र दिलं, तांडेलांनी त्याला झाकण दिलं, असा तो व्यवहार.

कासम होडेकर या टोपवाल्यांचा म्होरक्या म्हणावा असा माणूस. समीना त्याच्याशी यावरून भांडली होती, अबोला धरून पाहिला होता. "अब्बा, एखाद दिवशी हा टोप जीव घेईल," असं ती म्हणाली, तर तो शांतपणे म्हणाला होता, "टोप काढला तर पोट मारेल. तुला कुठलं मरण हवं ते तू सांग."

तेव्हा आता समुद्रात अलमास कुठे होती हे सांगणारे दोनच आकडे जगात होते. ते आकडे पुरेसे का होते, हेही सांगायला हवं. हर्णैचे तांडेल पूर्ण अक्षांश-रेखांश कधी सांगत नाहीत. उत्तरेचे सतरा अंश आणि पूर्वेचे बहात्तर हे त्यांच्या दर्यात ठरलेलेच, ते पुन्हा काय उगाळायचे? पुढची मिनिटं तेवढी सांगायची, आधी उत्तरेची, मग पूर्वेची. यंत्रालाही ही रीत शिकवली होती. २१ ४८ म्हणजे सतरा अंश एकवीस, बहात्तर अंश अठ्ठेचाळीस. म्हणजे जयगडच्या समोर. टिटव्या तिकडेच निघाल्या होत्या.

दोन तासांनी त्या रिकाम्या परतल्या.

केंद्राच्या प्रमुख वृंदा मयेकर खुर्चीत न बसता उभ्याने नकाशा बघत होत्या. वयाची पन्नाशी ओलांडलेली, बोलणं मोजकं. वारा वाढत होता आणि दुसरा थवा छतावर तयार होता. तिसरा नव्हता. पहिल्याची बॅटरी पुन्हा भरून तो निघेपर्यंत सूर्य मावळला असता.

"दुसरा थवाही तिथेच सोडतेय," मॅडम म्हणाल्या. "वाऱ्याने बोट वाहवली असेल. घेरा मोठा करू."

"मॅडम, अब्बा जयगडकडे जात नाहीत."

"तुला कधी सांगितलंय त्यांनी, कुठे जातात ते?"

सांगितलं नव्हतं, हेच खरं होतं.

"समीना, तू घरी जा म्हणत नाही मी. पण मुलगी म्हणून जे वाटतंय त्यावर मला थवा सोडता येणार नाही. तीन माणसं आहेत त्या बोटीवर."

"मला पंधरा मिनिटं द्या."

"दहा," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

समीनाला भीती वाटत होती. पण रडायचं ते नंतर, असं तिने स्वतःला बजावलं आणि खुर्ची पुढे ओढली. अब्बा आकडा चुकणारा माणूस नव्हता. जाळ्याचा एकेक आस, एकेक डोळा, बोटाने तपासणारा माणूस तो. मग चूक झाली असेल तर ती त्याच्या हातून निघाल्यावर आणि इथल्या पडद्यावर येण्याआधी, मधल्या वाटेवर कुठेतरी झाली असणार. आणि त्या वाटेवर एकच नाकं होतं, ते म्हणजे चाळणी.

संगणकाच्या पोटात अक्षरं नसतात, आकडे असतात. प्रत्येक अक्षराला जगभर मान्य असलेला एक क्रमांक दिलेला आहे. त्याच यादीत काही क्रमांक असे आहेत की त्यांचं अक्षर दिसतच नाही. ते पडद्याला फक्त हुकूम देतात: इथून पुढचा मजकूर उजवीकडून डावीकडे मांड, हा तुकडा बाकीच्यांपासून वेगळा ठेव, इथे थांब. उर्दू उजवीकडून लिहितात, मराठी डावीकडून, आणि दोन्ही एकाच ओळीत आल्या की कुणीतरी वाहतूक सांभाळावी लागते. ते काम या खुणा करतात. वारा दिसत नाही, पण शीड त्याचंच ऐकतं, तसंच हे.

गेल्या साली काही भामट्यांनी याच खुणा वापरून असा मजकूर रचला की माणसाच्या डोळ्याला एक दिसावं आणि यंत्राने दुसरंच वाचावं. एका बंदरात त्यापायी टाकीभर डिझेल भलत्याच बोटीत गेलं. मग हुकूम निघाला, की जे दिसत नाही ते आत येता कामा नये. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, त्यातला प्रकार. तेव्हापासून प्रत्येक हाक चाळणीतून जायची, न दिसणाऱ्या खुणा गाळल्या जायच्या आणि स्वच्छ मजकूर पुढे यायचा. सुक्याबरोबर ओलंही जळतं, याचा विचार करायला कुणाला सवड नव्हती.

गाळलेल्या खुणा मात्र दिवसभर एका कोपऱ्यात पडून असत. केंद्रातली पोरं त्याला कोंडा म्हणायची. कोंडा कुणी बघत नसे.

समीनाने तो उघडला. अलमासच्या हाकेतून तीन खुणा गाळल्या होत्या. पहिली जागेच्या ओळीच्या अगदी आरंभी, क्रमांक ८२०७. ही उजवीकडून-डावीकडे सांगणारी दिशाखूण होती. अब्बा उर्दू शाळेत शिकलेला, त्याने पेटीची भाषा उर्दू ठेवली होती, म्हणून पेटीने ती आपसूक घातली होती. बाकीच्या दोन खुणा दुसऱ्या आकड्याच्या, म्हणजे ४८ च्या, आधी एक आणि नंतर एक अशा होत्या. ८२९६ आणि ८२९७. या दोघींना मिळून ती मनात कुंपण म्हणायची. एका ठिकाणचा तुकडा उचलून दुसरीकडे ठेवला, की पेटी त्याच्याभोवती असं कुंपण घालते, म्हणजे तो शेजारच्या मजकुरात मिसळून गडबड करत नाही. साध्या टाइप केलेल्या आकड्याभोवती कुंपण पडत नाही.

म्हणजे ४८ हा आकडा उचलून शेवटी ठेवलेला होता. आधी तो पहिला होता.

ती उठली ती थेट मॅडमसमोर. सांगून झाल्यावर मॅडमच्या भुवया आक्रसल्या.

"म्हणजे त्यांनीच बदललं. चुकीचं टाइप झालं होतं, ते सुधारलं. मग आता जे आलंय तेच बरोबर, नाही का?"

प्रश्न रास्त होता. माणूस सुधारतो तो बरोबर करण्यासाठी. समीना भिंतीवरच्या कपाटाकडे गेली. तिथे तपासणीसाठी ठेवलेल्या हाकेच्या पेट्या होत्या. तिने एक काढली, भाषा उर्दू केली, आणि मॅडमच्या हातात दिली. दुसऱ्या हातात त्यांना तिथलंच एक हातात धरायचं जागादर्शक यंत्र दिलं, तसलंच जे प्रत्येक तांडेलाच्या खिशात असतं. त्यावर तिने आकडे लावले होते, डावीकडे ४८, उजवीकडे २१.

"मॅडम, तुमची बोट बुडतेय. या यंत्रावर जे दिसतंय ते पेटीत लिहा. बाकी काही विचारू नका."

"समीना, वेळ..."

"लिहा ना, मॅडम."

मॅडमनी लिहिलं. आधी चार, आठ. मग जागा सोडून दोन, एक. आणि त्या थबकल्या. पेटीच्या पडद्यावर ४८ उजव्या कडेला जाऊन बसला होता आणि २१ त्याच्या डावीकडे. एका हातातल्या यंत्रावर ४८ २१, दुसऱ्या हातातल्या पेटीवर २१ ४८.

"उलटं पडलं," त्या पुटपुटल्या. अंगठ्याने त्यांनी ४८ दाबून धरला, उचलला, ओळीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडला. आता दोन्ही हातांत एकसारखे आकडे दिसू लागले. त्यांनी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहून खात्री केली. "झालं. हे घे."

समीनाने पेटी घेतली नाही.

मॅडम पेटीकडे बघत राहिल्या. मग त्या खाली बसल्या.

"मी आधी लिहिलं तेच बरोबर होतं," त्या म्हणाल्या.

"हो. पोटात ४८ आधीच होता. पेटी फक्त उजवीकडून मांडत होती. तुम्ही डोळ्याला बरोबर दिसावं म्हणून पोटातला क्रम फिरवलात. अब्बांनी हेच केलं. न तपासता पाठवलं असतं तर बरोबर पोचलं असतं."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्या चाळणीने दिशाखूण गाळली. ती राहिली असती तर आपल्या पडद्यावरही अब्बांना दिसलं तसंच दिसलं असतं, ४८ २१. आणि टिटव्या निघाल्या असत्या २१ ४८ ला. कुणीतरी ओरडलं असतं की हे जुळत नाही. खूण गेली, आणि सगळं कसं छान जुळलं."

मॅडमनी नकाशावर बोट ठेवलं. सतरा अंश अठ्ठेचाळीस, बहात्तर अंश एकवीस. हर्णैच्या सरळ पश्चिमेला, खोल पाण्यात. जयगडच्या त्या जागेपासून जवळपास सत्तर किलोमीटर. दुसरा थवा अर्धा इथे, अर्धा तिथे करता येईल का, असं त्या स्वतःशीच बोलल्या, आणि मग मान हलवली. अर्ध्या थव्याला दोन्हीकडे काही सापडलं नसतं.

"सगळा तिकडेच," त्या म्हणाल्या. "सही माझी. तू काय करतेयस?"

समीना आपल्या जागेवर परत जाऊन लिहायला लागली होती. नकाशावर त्या जागेभोवतीचा समुद्र रिकामा दिसत होता, एकही ठिपका नाही. पण तो रिकामा नव्हता हे तिला पक्कं ठाऊक होतं. हर्णैच्या निम्म्या बोटी आज बाहेर होत्या, सगळ्या टोपाखाली झाकलेल्या.

तिने हर्णैच्या सगळ्या पेट्यांना एकच संदेश पाठवायला घेतला. आकडे तिने अक्षरांत लिहिले, म्हणजे कुठल्याही पेटीवर ते फिरणार नाहीत. कासम होडेकरची अलमास बुडते आहे. सतरा अंश अठ्ठेचाळीस, बहात्तर अंश एकवीस. जवळ कोण आहे ते आम्हाला दिसत नाही. टोप काढा.

पाठवायच्या आधी तिचा हात थांबला. तीस वर्षं अब्बाने जी जागा बायकोला सांगितली नाही, मुलीला सांगितली नाही, ती आता ती अख्ख्या बंदराला सांगणार होती. ती जागा म्हणजे त्यांचं घर, तिची फी, भावाचं लग्न. पुन्हा तिथे त्याला एकट्याला मासा मिळणार नव्हता. तिने मनातल्या मनात त्याची माफी मागितली आणि बटण दाबलं.

काही वेळ काहीच झालं नाही. छतावरून थवा ओरडत उठला आणि आवाज दूर गेला.

मग नकाशावर एक ठिपका उमटला. अब्बाच्या जागेपासून बराच दक्षिणेला. मग त्याच्या वर आणखी एक. मग तीन एकदम. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. रिकाम्या समुद्रात बोटी उगवत होत्या आणि दोघी ते बघत होत्या. कोण कुठे मासे मारतो हे हर्णै बंदराला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असेल.

एक ठिपका तर अब्बाच्या जागेला इतका खेटून होता की समीनाला आश्चर्यच वाटलं. तेवढ्यात उपग्रहाचा फोन वाजला.

"बाय, मी हिराजी पावशे." आवाज वाऱ्यात फाटत होता. पावशे म्हणजे बंदरातला कासमचा जुना प्रतिस्पर्धी, दोघं एका चहाच्या टपरीवर पाठीला पाठ लावून बसणारे. "निघालोय मी. जवळच हाय."

"पावशेकाका, तुम्ही तिथे कसे?"

"आता ते विचारू नको," पावशे म्हणाला. "तुझ्या बापाच्या मागावर होतो. गेलं सालभर होतो. नेमकी जागा काय गावत नव्हती. आज तूच सांगितलीस."

ऊन कलतं झालं तेव्हा टिटव्यांना पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, आणि त्याच्या पलीकडे बर्फाच्या पेटीला धरून तरंगणारी तीन डोकी. अलमास नव्हती, ती आधीच गेली होती. पावशेच्या माणसांनी तिघांना वर ओढलं. ही बातमी आली तेव्हा समीना पहिल्यांदा रडली, डब्यातल्या वाळलेल्या भाकरीकडे बघत, आणि मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

रात्री उशिरा ती हर्णैला पोचली. कासम होडेकर बंदराच्या धक्क्यावर घोंगडी पांघरून बसला होता. मिठाने ओठ फुटले होते. तिला बघून त्याने हात पुढे केला आणि तिने तो दोन्ही हातांनी धरला.

"बोट गेली," तो म्हणाला.

"जाऊ दे, अब्बा."

"जागाही गेली. पावशाला मिळाली." त्याने हसायचा प्रयत्न केला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "टिटव्यांना एवढा उशीर का झाला गं? आकडे मी दोनदा जुळवून पाहिले होते. पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं, तरी जुळवले. एकसारखेच होते."

"एकसारखेच होते, अब्बा," समीना म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही." आणि हे तिला अगदी मनापासून वाटत होतं.

आठवड्याने केंद्रात बैठक झाली. समीनाने आपलं म्हणणं सरळ मांडलं, की चाळणी बंद करा, निदान दिशाखुणा तरी आत येऊ द्या. वरून आलेल्या साहेबांनी विचारलं, "आणि भामटे? त्यांच्याही खुणा येतील त्याच वाटेने." तिच्याकडे याचं पुरतं उत्तर नव्हतं, आणि तिने ते लपवलं नाही. पण ती उठूनही गेली नाही. दिवस मावळेपर्यंत ती तिथे बसून राहिली, आणि शेवटी एवढं तरी पदरात पाडून घेतलं: खुणा गाळून कोंड्यात टाकायच्या नाहीत, मजकुराशेजारी दाखवायच्या. ज्या हाकेत खूण असेल तिच्या बाजूला लाल ठिपका, आणि टिटव्या उडण्याआधी एका माणसाची नजर. त्या नजरेसाठी यंत्र फक्त अर्धं मिनिट थांबेल, त्याहून जास्त नाही, कारण बुडणाऱ्याला अर्धं मिनिटही फार असतं. ती नजर कुणाची असावी हे विचारायची कुणाला गरज पडली नाही.

पहिला लाल ठिपका लगेच दुसऱ्या दिवशी उमटला. दाभोळची बोट, आग, जागा ३५ ५२. शेजारी एकच खूण दाखवली होती, आरंभीची दिशाखूण. कुंपण नव्हतं. म्हणजे कुणी आकडा उचलून ठेवला नव्हता. किंवा सगळं पुसून, उलट्या क्रमाने, नव्याने टाइप केलं होतं. ते कळायला मार्ग नव्हता.

समीनाचा हात बटणावर होता. छतावर टिटव्या तयार होत्या आणि अर्ध्या मिनिटातला बराच वेळ सरला होता. पडद्यावरचे दोन आकडे तिच्याकडे बघत होते, स्वच्छ आणि स्पष्ट. तिच्या मनात एकच प्रश्न होता. तिथे, धुरात, ज्याने हे लिहिलं, त्याला त्याच्या जागादर्शकावर हे असंच दिसलं होतं का?